लोपलोप ओळखावा कसा, काढावा कसा

प्रश्न असा आहे: मॅक्स अर्न्स्ट या जर्मन अतिवास्तववादी (सररिअलिस्ट) चित्रकाराच्या कामात लोपलोप नावाचा पक्षी सारखा भेटतो. तो कोण? अर्न्स्टने काढलेला प्रत्येक पक्षी लोपलोपच असतो का? आणि कॉलेजच्या सबमिशनसाठी त्या पद्धतीने काम करायचं तर सुरुवात कुठून करायची?

मुख्य मुद्दा आधी सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. लोपलोप हा चित्राचा विषय नसतो, तो चित्र दाखवायला आणणारा असतो. १९३०च्या आसपासची 'लोपलोप सादर करतो…' अशा नावांची कामं एकापाठोपाठ एक पाहा. वर छोटं डोकं, खाली कधी पाय तर कधी नुसता दांडा, आणि जिथे धड असायला हवं तिथे एक मोठा चौकोन. त्या चौकोनात दुसरंच एक चित्र असतं: फूल, शिंपला, मुलीचा चेहरा, माणसांची छायाचित्रं. म्हणजे धड हाच कॅनव्हास, आणि अख्खी आकृती म्हणजे डोकं आणि पाय फुटलेलं ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी.

विद्यार्थ्यांचा लोपलोप बहुतेक वेळा फसतो तो इथेच. ते पक्ष्याचं डोकं असलेला माणूस काढतात. पक्षी-माणूस काढणं सोपं आहे. आपल्याला तर गरुड आणि जटायू लहानपणापासून पाठ असतात, त्यामुळे हात आपोआप चोच, पंख आणि रुबाबदार छातीकडे वळतो. चौकोन नसेल तर पिसं कितीही सुरेख काढा, त्याचा लोपलोप होत नाही. कल्पना यावी म्हणून पिंगुळीचा चित्रकथी डोळ्यांपुढे आणा. तो पोथीतलं एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभं धरतो. नजर चित्रावर असते, पण ते कुणीतरी धरलेलं आहे हे विसरता येत नाही. फरक एवढाच, की चित्रकथी गोष्ट सांगतो आणि लोपलोप तोंड उघडत नाही.

आता हा आला कुठून. अर्न्स्टचा जन्म २ एप्रिल १८९१चा, कोलोनजवळच्या ब्रूल गावातला. वडील फिलिप मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षक, कर्मठ कॅथलिक आणि हौशी चित्रकार. जवळजवळ प्रत्येक लेखात एक कहाणी असते: ५ जानेवारी १९०६च्या रात्री मॅक्सचा लाडका गुलाबी काकाकुवा मेला, आणि सकाळी ते प्रेत पाहत असतानाच वडिलांनी बहीण झाल्याची बातमी दिली, तेव्हापासून त्याच्या मनात पक्षी आणि माणूस यांची सरमिसळ झाली. ही कहाणी अर्न्स्टने स्वतःच लिहिली आहे, १९४२मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्ह्यू' मासिकात, स्वतःविषयी तृतीयपुरुषी. त्याच आत्मकथनात आपण आईने गरुडाच्या घरट्यात घातलेल्या अंड्यातून बाहेर आलो, आणि ते अंडं गरुडाने सात वर्षं उबवलं, असंही आहे. दोन्ही वाक्यं एकाच हाताची आहेत, म्हणून एकाला पुरावा आणि दुसऱ्याला कल्पना ठरवू नका. शिवाय १९४२मध्ये लोपलोप जगापुढे येऊन तेरा वर्षं झाली होती. 'काकाकुवा मेला म्हणून लोपलोप जन्मला' असं सरळ कारण-कार्य जोडून दिलं, तर परीक्षक ते लाल पेनाने खोडेल आणि त्याचं बरोबरच असेल. कहाणी जरूर सांगा, पण ती अर्न्स्टने स्वतःभोवती रचलेल्या पुराणाचा भाग म्हणून सांगा.

सगळे पक्षी लोपलोप का? नाही. इथे सालं फार उपयोगी पडतात.

१९२२च्या 'ईडिपस रेक्स'मध्ये पक्ष्यांची डोकी आहेत. १९२४च्या 'नाइटिंगेलमुळे घाबरलेली दोन मुलं' या न्यूयॉर्कच्या मोमामधल्या (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) चित्रात आकाशात एक पक्षी आहे आणि चौकटीवर खरंखुरं लाकडी फाटक बसवलेलं आहे. १९२५ ते १९२७ या काळात तर पिंजऱ्यातले पक्षी, जंगलातले पक्षी, पक्ष्यांची स्मारकं यांची रीघ आहे. यातला एकही लोपलोप नाही, कारण लोपलोपचं काम अजून सुरूच झालेलं नव्हतं. उलट्या बाजूनेही चूक होते. 'उन स्मेन द बाँते' ही १९३४ची कोलाज-कादंबरी, म्हणजे कात्रणं जोडून केलेल्या चित्रांची कादंबरी. त्यातल्या ईडिपसच्या भागात कोटपाटलोण घातलेली, पक्ष्याच्या डोक्याची माणसं बायकांना छळताना दिसतात. त्यांना लोपलोप म्हणणारे लेख भरपूर सापडतात. ती माणसं काही सादर करत नाहीत, ती क्रूर वागतात. भूमिका वेगळी, म्हणून आकृतीही वेगळी.

लोपलोप नावानिशी ठळकपणे येतो तो १९२९च्या 'ला फाम सां तेत' या पहिल्या कोलाज-कादंबरीत, 'लोपलोप, पक्ष्यांचा वरिष्ठ' या उपाधीसकट. एकशे सत्तेचाळीस कोलाजं, प्रत्येकाखाली एकदोन ओळींचा मथळा, आणि अतिवास्तववादी गटाचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ याची प्रस्तावना. गंमत अशी, की या पुस्तकात तो एका रूपात टिकत नाही. मथळ्यात नाव असतं आणि चित्रात पक्षी शोधावा लागतो. पुढे एका ठिकाणी त्याला त्याचं पक्ष्याचं डोकं परत मिळाल्याचा उल्लेख येतो. म्हणजे इथे लोपलोप हे आधी नाव आहे, शरीर नंतर. ते शरीर, म्हणजे डोकं अधिक चौकोन, पुढच्या एकदोन वर्षांत घडतं.

नेमकं त्याच वेळी का, हे कळायला अर्न्स्टचा धंदा कसा चालत होता ते पाहायला हवं. १९१९पासून तो कोलाज करत होता: शैक्षणिक साहित्याचे कॅटलॉग, शास्त्राची मासिकं, जुन्या कादंबऱ्यांतली छापचित्रं कापून. ती चित्रं दुसऱ्या कुणीतरी काढलेली होती. १९२५च्या ऑगस्टमध्ये पोर्निक या समुद्रकाठच्या गावात, घासून घासून रेषा उठलेल्या लाकडी फरशीवर त्याने कागद टाकले आणि वरून शिसं घासलं; हेच फ्रोताज. त्यातल्या रेषा लाकडाच्या होत्या. पुढे रंगाचे थर दिलेला कॅनव्हास खडबडीत वस्तूंवर ठेवून सुरीने खरवडायला लागला, ते ग्राताज. तिथेही आकार वस्तूचा. दहा वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या रेषांवर काम केलं त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहणारच: मग यात चित्रकार कुठे आहे? १९३६च्या 'चित्रकलेच्या पलीकडे' या लेखात अर्न्स्ट म्हणतो, की अशा कामाच्या जन्माच्या वेळी कर्ता हजर असतो तो प्रेक्षक म्हणून. त्याच लेखात लोपलोपला तो आपल्याशी जोडलेलं खासगी भूत म्हणतो. १९३०मध्ये ते जवळजवळ रोज भेटीला यायचं आणि पिंजऱ्यातलं काळीज, पिंजऱ्यातला समुद्र, पाकळ्या, पानं, फूल, मुलगी असं काहीबाही आणून द्यायचं.

ही दोन विधानं शेजारी ठेवली की लोपलोपचा चौकोन कळतो. चित्रकार प्रेक्षक असेल, तर चित्र आणून दाखवणारा कुणीतरी लागतो. ती जागा अर्न्स्टने या पक्ष्याला दिली. म्हणून 'लोपलोप म्हणजे अर्न्स्टचं आत्मचित्र' हे उत्तर अर्धंच आहे. तो अर्न्स्टचा चेहरा नाही. मी आणि माझं चित्र यांच्यात अर्न्स्टने जे अंतर ठेवलं, त्या अंतराला दिलेलं शरीर म्हणजे लोपलोप. या मताबद्दल मी ठाम आहे. मालिकेतली कामं पाहताना ते पुन्हा पुन्हा पटतं.

दोन कामं नीट पाहा. पहिलं मोमामधलं 'लोपलोप अतिवास्तववादी गटाच्या सदस्यांची ओळख करून देतो', १९३१. माप ५०.१ × ३३.६ सेंमी, म्हणजे फार मोठं नाही. कापून चिकटवलेली छायाचित्रं, छापील कागद, पेन्सिल आणि पेन्सिलचं फ्रोताज. ब्रेताँ, एल्युआर, आरागाँ, दाली, बुन्युएल, तांगी, जाकोमेत्ती असे सगळे छोट्या छोट्या कात्रणांतून एकमेकांना खेटून आहेत, आणि त्यांत अर्न्स्ट स्वतःही आहे. इथे थांबा. लोपलोप म्हणजे अर्न्स्ट असता, तर दाखवणारा आणि दाखवलेला एकच झाला असता. अर्न्स्ट दाखवलेल्यांच्या घोळक्यात आहे, दाखवणारा बाहेर आहे. पुढच्याच वर्षी आरागाँ गटाबाहेर पडला. आज हे काम त्या गटाच्या एका क्षणाची नोंद म्हणूनही बघितलं जातं. तंत्राच्या बाजूने पाहायचं ते असं: छायाचित्रांना करडे-काळे गडद टोन आहेत, आणि धरणारी आकृती पेन्सिलीची, हलकी आहे. दोघांचं वजन मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे.

दुसरं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातलं 'लोपलोप एक तरुणी सादर करतो', १९३०चं. त्यावर अर्न्स्टने १९३६मध्ये आणि १९६६मध्ये पुन्हा हात फिरवला. उंची १९४.५ सेंमी, रुंदी ८९, म्हणजे जवळजवळ दाराएवढं. लाकूड, प्लास्टर, तैलरंग आणि वर बसवलेल्या वस्तू. त्यांत एक धातूचं पदक. समोर उभं राहिलं की चौकोन तुमच्या धडाच्या पातळीवर येतो. पुस्तकातल्या आठ सेंटिमीटरच्या फोटोत ही गोष्ट पूर्ण हरवते, म्हणून फोटो पाहताना माप शेजारी लिहून ठेवायची सवय लावा.

बघण्याची एक साधी युक्ती: वरचं डोकं तळव्याने झाका आणि फक्त चौकोन बघा. मग हात काढा. चौकोनातल्या चित्राचा अर्थ डोकं दिसताच बदलत असेल, म्हणजे तो 'कुणीतरी आणलेला' वाटत असेल, तर लोपलोप त्याचं काम करतोय. काहीच बदललं नाही तर तो नुसता पक्षी.

१९३२नंतर ही मालिका ओसरते, आकृती मात्र संपत नाही. १९३८मध्ये अर्न्स्ट आणि त्याची जोडीदार, चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टन फ्रान्सच्या दक्षिणेला सँ-मार्तँ-दार्देश इथल्या घरात राहायला गेले, आणि त्याने त्या घराच्या भिंतींवर सिमेंटची मोठी उठावचित्रं केली. त्यांत लोपलोपही आहे. १९३९च्या सुमारास कॅरिंग्टनने अर्न्स्टचं व्यक्तिचित्र केलं, जे आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे: बर्फाळ प्रदेश, तांबूस पिसांचा झगा खाली माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, हातात कंदील, मागे गोठलेला पांढरा घोडा. पक्ष्यांच्या वरिष्ठाकडे दुसऱ्या कुणी रोखून पाहिलं तर तो कसा दिसतो, ते इथे कळतं. लोपलोपवर लिहिताना हे चित्र वगळणं म्हणजे अर्धी सामग्री टाकून देणं. अर्न्स्टचं १९४०चं 'वधूचा साज' व्हेनिसला पेगी गुगेनहाइम संग्रहात आहे. त्यात लाल पिसांचा भव्य झगा आणि डाव्या बाजूला मोडका भाला घेतलेला हिरवा पक्षी-माणूस. आणि १९४२च्या 'अतिवास्तववाद आणि चित्रकला'मध्ये, ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहात, पक्ष्यांसारखा गुळगुळीत मांसल गोळा ब्रश घेऊन चित्र रंगवतोय. दाखवणारा आता करणारा झाला. लोपलोप हे नाव तिथे नाही, म्हणून मी त्याला लोपलोप म्हणणार नाही, पण नातं उघड आहे.

आता करायचं कसं. खालची मापं ए३ कागदासाठी, म्हणजे ४२ × २९.७ सेंमीसाठी आहेत.

चौकोन आधी करा, आकृती नंतर. हा क्रम सोडू नका. आकृती आधी काढली की मध्ये एक रिकामं भोक राहतं आणि तुम्ही त्या भोकात बसेल असं काहीतरी शोधायला लागता. मग चौकोनातलं चित्र शोभेचं होतं. चौकोनासाठी साधारण २२ × १६ सेंमीचे चारपाच वेगवेगळे तुकडे करा, भिंतीला लावून दोन दिवस बघा, आणि एकच निवडा.

चौकोनात फ्रोताज करायचं असेल तर कागद पातळ हवा: ५० ते ६० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) लेआउट पेपर उत्तम. झेरॉक्सचा ७० जीएसएमचा कागद चालतो, पण बारीक शिरा जातात. जाड कार्ट्रिज पेपर घेतलात तर काहीच उठणार नाही. हात दुखेल आणि कागदावर नुसता करडा डाग राहील. पेन्सिल ४बी आणि ६बी, किंवा सबंध शिशाची कांडी. टोक वापरायचं नाही, शिसं आडवं धरायचं. कागदाच्या लागून असलेल्या दोन कडा मास्किंग टेपने बसवा, म्हणजे उरलेल्या बाजूने उचलून बघता येतं आणि परत ठेवला तर जागचा हलत नाही. कागद मिलिमीटरभर जरी सरकला तरी प्रत्येक रेषा दुहेरी होते.

लाकडाची फळी निवडताना गुळगुळीत रंधलेली नको. जुनी, उन्हापावसात राहिलेली घ्या. नसेल तर तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासा, मऊ भाग झिजतो आणि कडक रेषा वर राहतात. फळीवर शिसं घासताना मात्र रेषांना तिरकं घासा. रेषांच्याच दिशेने घासलंत तर शिसं खाचेत उतरतं आणि खाच-उंचवटा सारखाच काळा होतो. पहिला हात सगळीकडे एकदम हलका. दुसरा हात फक्त जिथे काहीतरी दिसायला लागलंय तिथे. पानं घेणार असाल तर पुस्तकात दाबून एक दिवस ठेवा. ताज्या पानाचा रस कागदात उतरतो. शिरा खालच्या बाजूला उठलेल्या असतात, म्हणून पान उपडं ठेवायचं. अर्न्स्टने पानं, गोणपाटाची फाटकी कड, रंगाच्या सुरीचे फटकारे, रिळावरून सुटलेला दोरा हे सगळं वापरलं. आपल्या घरात वेताच्या खुर्चीची जाळी, सुपाची वीण, गोणपाट सहज मिळतं. किसणी टाळा, कागद फाटतो.

मग सगळ्यात अवघड भाग: थांबणं. रेषांत जंगल दिसलं, डोळा दिसला, की पेन्सिलीचं टोक घेऊन तो गडद करायचा मोह होतो. एकदा बाह्यरेषा काढलीत की लाकूड संपलं, नुसतं तुमचं चित्र उरलं, आणि मग ते लोपलोपने आणायची गरजच राहत नाही. काही करायचंच असेल तर वजा करा: नको तो भाग कागदाने झाकून पुन्हा घासा, किंवा कणकेसारखा मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने हलकेच उचला.

फिक्सेटिव्ह, म्हणजे शिसं पुसलं जाऊ नये म्हणूनचा फवारा, तुकडा चिकटवण्याआधी मारायचं, तीस सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. जवळून मारलंत तर थेंब पडतात आणि पातळ कागदावर तेलकट ठिपके कायमचे राहतात.

चिकटवायला गव्हाची पातळ खळ सगळ्यात चांगली. तुकडा उपडा ठेवून मधून कडांकडे ब्रश फिरवा. पातळ कागद ओला झाला की ताणतो, म्हणून खळ लावल्यावर मिनिटभर थांबा, ताणून होऊ द्या, मगच २०० जीएसएमच्या मूळ कागदावर बसवा. लगेच बसवलात तर नंतर फुगे येतात. वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर. फेव्हिकॉल पाणी न घालता लावला तर गुठळ्या वरून दिसतात आणि कागद वाकतो. ग्लू स्टिकने कडा काही महिन्यांत सुटतात.

आता आकृती. एचबी किंवा २एच, एकच रेषा, छटा अजिबात नाही. चौकोनात जे माध्यम वापरलं ते आकृतीत वापरायचं नाही. चौकोन गडद तर आकृती फिकी. चौकोन छापील तर आकृती हाताची. दोन्ही एकाच पद्धतीने केलंत की डोळा दोघांना एकच चित्र समजतो आणि सादरीकरण संपतं. डोकं कागदाच्या उंचीच्या आठव्या भागापेक्षा मोठं नको, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या आत. बाजूने दिसणारं, साधं, एक गोल डोळा, फार तर एखादा तुरा. गरुडाची वाकडी चोच आणि रागीट भुवई आली की ते राजचिन्ह होतं. मान काढली तरी खांदे काढू नका. खांदे आले की चौकोन छातीसमोर धरलेला फलक होतो आणि मागे एक पूर्ण माणूस आहे असं वाटायला लागतं. मानेची रेषा थेट चौकोनाच्या वरच्या कडेतून निघाली पाहिजे. हात काढायचा तर एकच पुरतो, आणि त्याची बोटं बाहेरून कडेवरून आत आलेली हवीत. कडा आणि बोट जिथे एकमेकांना ओलांडतात, त्या अर्ध्या सेंटिमीटरवर सगळं चित्र उभं आहे. तिथे रेषा पुसट ठेवू नका. खाली दोन पाय किंवा एक दांडा. दोन्ही नकोत. भोवतीचा कागद रिकामा सोडा, निदान एक तृतीयांश. पार्श्वभूमी भरली की आकृती कुठेतरी उभी आहे असं होतं. लोपलोप कुठेच उभा नसतो.

फ्रोताजऐवजी जुन्या छापचित्रांचं कोलाज करायचं असेल तर नियम वेगळे. लाकडी ठोकळ्यावर कोरलेल्या छापचित्रात करडा रंग नसतो; रेषांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर यांतून तो भास होतो. म्हणून दोन कात्रणं जोडताना विषय जुळतो का ते नंतर बघा, आधी रेषांची दिशा, दाटी आणि उजेडाची बाजू जुळवा. उजेड एकात डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून असेल तर जोड कितीही बारीक असो, डोळ्याला टोचतो. झेरॉक्सवर लहानमोठं करून जोडू नका, रेषांची जाडी बदलते आणि तुकडा परका वाटतो. मूळ मापातच जुळणारा तुकडा शोधा. वेळ लागतो, आणि या कामातला निम्मा वेळ शोधण्यातच जातो. वर्तमानपत्रातला ठिपक्यांचा फोटो रेषांच्या चित्रात चिकटवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. कापायला ११ नंबरची स्काल्पेल ब्लेड, हात किंचित आत तिरका, म्हणजे कागदाची पांढरी जाडी खालच्या बाजूला राहते. तरी कड पांढरी दिसली तर चिकटवण्याआधी मागून पेन्सिल फिरवा.

शेवटी एक निर्णय घ्यावा लागतो: जोड दिसू द्यायचे की नाही. अर्न्स्टने दोन्ही केलं, पण वेगवेगळ्या कामांत. कोलाज-कादंबऱ्यांत मूळ कोलाजवरून लाइन ब्लॉक (फक्त काळ्या रेषा छापणारा धातूचा ठसा) करून छपाई केली, त्यामुळे कागदाच्या कडा, सावल्या, गोंद सगळं नाहीसं झालं आणि चित्र एकाच कोरणाऱ्याने कोरल्यासारखं दिसलं. 'लोपलोप सादर करतो' मालिकेत मात्र कडा उघड्या आहेत, कारण तिथे आणलेली वस्तू आणलेली म्हणूनच दिसायला हवी. तुम्हाला पहिल्या प्रकारचा परिणाम हवा असेल तर कोलाज ६०० डीपीआयवर स्कॅन करा, करड्यात नाही तर निव्वळ काळ्या-पांढऱ्या बिटमॅपमध्ये, आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या छटेपासून पुढे सगळं काळं धरलं जातं ती मर्यादा, हळूहळू कमी करत न्या. कडांच्या सावल्या जातात त्या जागी थांबा, त्याच्या पुढे गेलात तर कोरीव बारीक रेषा तुटतात आणि नाहीशा होतात. मग प्रिंट मॅट कागदावर काढा, आणि सबमिशनमध्ये मूळ कोलाजही सोबत जोडा.